झांबेझी: सहा देश, एक नदी आणि तिच्या पुराचा हिशोब

आफ्रिकेतली नदी म्हटलं की पहिली आठवते नाईल, मग काँगो, आणि झांबेझीचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं ते व्हिक्टोरिया धबधब्यामुळे, तेवढंच. पण २०२४ मध्ये झांबियाची राजधानी लुसाकामध्ये काही भागांत दिवसातले १७ तासांहून जास्त वेळ वीज नव्हती, सलूनवाले, वेल्डिंगवाले, कोंबडीपालनवाले सगळे हातावर हात ठेवून बसलेले, आणि त्याच देशाच्या बॉर्डरवर पाणीसाठ्याच्या हिशोबात जगातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव आहे, करीबा. एवढं पाणी उशाशी आणि घरात अंधार. हे कसं झालं हे समजलं ना, की ही नदी बऱ्यापैकी समजते.

आधी मॅप डोक्यात बसवूया, पटकन. झांबेझी साधारण २,५७० किलोमीटर लांब, म्हणजे नाईल, काँगो आणि नायजर यांच्यानंतर आफ्रिकेत चौथी. उगम झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात, तिथून ती अंगोलात शिरते, वळसा घेऊन परत झांबियात येते, मग नामिबियाच्या बॉर्डरला लागून वाहते, बोत्सवानाला जेमतेम शिवते, त्यानंतर बराच लांब पट्टा झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यातली बॉर्डर म्हणून वाहते आणि शेवटी मोझांबिकमधून हिंदी महासागरात. सहा देश झाले. पण मलावी आणि टांझानियाचं काही पाणीसुद्धा उपनद्यांमधून हिलाच मिळतं, म्हणून खोऱ्याचा विषय निघाला की ८ देश टेबलावर बसतात.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे पूर म्हणजे संकट, पंचनामे, मदतीच्या गाड्या. झांबेझीच्या बाबतीत ही सवय जरा बाजूला ठेवावी लागते, कारण तिथे पूर हीच नदीची कमाई आहे. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, बाकीचे महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे वर्षात एकदाच पाणी येतं, मोठ्ठं येतं, आणि ते हळूहळू खाली सरकत जातं. माणसं, गुरं, मासे, हत्ती, शेती, सगळ्यांचं कॅलेंडर त्या एका पुरावर लावलेलं. मग विसाव्या शतकात दोन धरणं बांधली गेली आणि तो पूर मध्येच अडवून त्याची वीज करायची असं ठरलं. झांबेझीवरचे आजचे सगळे वाद शेवटी ह्या एका गोष्टीवर येतात की तो पूर कोणाचा, आणि कधी, किती खाली सोडायचा. म्हणून देशांची यादी पाठ करण्यापेक्षा आपण त्या पुराच्या मागे मागे जाऊ.

उगम अगदी साधा आहे, म्विनिलुंगा भागात कालेने टेकड्यांजवळ, दाट झाडीत, सुमारे १,५०० मीटर उंचीवर एक झरा. ही जागा पाणलोटाच्या कण्यावर आहे, थोडं उत्तरेला पडलेला पाऊस काँगो नदीला मिळून अटलांटिकला जातो आणि इकडे पडलेला हिंदी महासागराला. मग अंगोला. तिथे दलदली आणि गवताळ सखल जमिनी आहेत, त्या पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललं त्यामुळे ह्या भागात ना धरणं झाली ना मोठे उद्योग, आणि नदीचा वरचा भाग आजही बराचसा मोकळा वाहतो. युद्धामुळे नदी वाचली असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण तिथल्या लोकांनी काय भोगलं आणि सुरुंग पेरलेल्या जमिनी किती वर्षं तशाच पडून राहिल्या हेही त्याच युद्धाचं देणं आहे.

झांबियात परत आल्यावर येतं बारोत्से पूरमैदान, आणि इथे मी जरा थांबणार आहे. सुमारे २०० किलोमीटर लांब, काही ठिकाणी ५० किलोमीटरपर्यंत रुंद, आणि जवळजवळ सपाट. परातीत पाणी ओतलं की जसं ते पसरतं पण पुढे पळत नाही तसंच इथे पुराचं होतं, पाणी आडवं पसरतं, आठवडेच्या आठवडे रेंगाळतं आणि मग हळूहळू खाली जातं. इथे लोझी लोक राहतात, त्यांच्या राजाला लितुंगा म्हणतात. पाणी ओसरलं की गाळ बसलेल्या जमिनीवर शेती, ताज्या गवतावर गुरं, मागे राहिलेल्या डबक्यांत मासे. पाणी चढलं की कडेच्या उंच जमिनीवर जायचं. असं पिढ्यानपिढ्या.

हे स्थलांतर म्हणजे कुओंबोका, लोझींचा सगळ्यात मोठा सोहळा. पाणी पुरेसं चढलं की साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास लितुंगा मैदानातली लेआलुई ही राजधानी सोडून कडेच्या लिमुलुंगाला जातात. त्यांची नाव नालिक्वांदा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची प्रचंड नाव, वर हत्तीची भलीमोठी प्रतिकृती आणि त्या हत्तीचे कान आतून हलवता येतात. शंभरावर वल्हेकरी, डोक्यावर लाल टोप्या, नावेत मोठे नगारे चालू, आणि मधोमध चूल पेटलेली असते, तिचा धूर दिसत राहिला म्हणजे राजा खुशाल आहे असं काठावरच्या लोकांना कळतं. राणीची नाव वेगळी, तिच्यावर पक्षी. कित्येक तासांचा प्रवास करून राजा उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर ब्रिटिश ॲडमिरलचा गणवेश असतो, १९०२ मध्ये सातव्या एडवर्डनं तेव्हाचे राजे लेवानिका यांना दिलेल्या गणवेशापासून ही पद्धत पडली. आता माझ्या दृष्टीनं यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की सोहळ्याची तारीख पाणी ठरवतं. पाणी कमी असलं तर कुओंबोका होतच नाही. आख्ख्या राज्यानं नदीला विचारून घर हलवायचं, आणि ते सणासारखं हलवायचं, पूरग्रस्त म्हणून नाही, हे बघून आपण पूररेषेत बांधकामं करून मग दरवर्षी हळहळतो त्याबद्दल नीट विचार करावासा वाटतो.

पुढे नामिबियाचा तो विचित्र पट्टा लागतो. मॅपवर नामिबियाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक लांब बोट बाहेर आलेलं दिसतं ना, ते कॅप्रिव्ही. १८९० मध्ये जर्मनी आणि ब्रिटननं करार केला, त्यात जर्मनीला ही ४५० किलोमीटरची पट्टी मिळाली, हेतू असा की झांबेझीपर्यंत पोचायचं आणि नदीतून बोटीनं थेट हिंदी महासागर गाठायचा. आणि खाली व्हिक्टोरिया धबधबा, त्याच्याही पुढे खवळलेल्या घळी! बोट जाणं शक्यच नव्हतं. नदी न बघता टेबलावर बॉर्डर आखली की काय होतं त्याचं हे ढळढळीत उदाहरण, आणि ती बॉर्डर आजही तशीच आहे. २०१३ मध्ये नामिबियानं कॅप्रिव्ही हे जर्मन चॅन्सेलरचं नाव काढून ह्या भागाला झांबेझी प्रदेश असं नाव दिलं, ते योग्यच केलं.

ह्याच पट्ट्यात चोबे नदी झांबेझीला मिळते आणि इथे पूर एक भारी गोष्ट करतो, झांबेझी फुगली की चोबेचं पाणी उलटं वाहायला लागतं, मोठ्या नदीच्या पाण्याचा रेटाच तेवढा असतो. बोत्सवानातल्या चोबे अभयारण्यातले हत्तींचे कळप कोरड्या महिन्यांत ह्या नदीवर जमतात. बोत्सवानाच्या वाट्याला झांबेझीचा काठ फक्त १५० मीटरच्या आसपास येतो, काझुंगुला इथे, जिथे चार देश जवळजवळ एका बिंदूत भेटतात. पूर्वी इथे तराफ्यावर ट्रक चढवून पलीकडे न्यायचे, काँगो आणि झांबियाचं तांबं घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडे निघालेल्या ट्रकच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या असायच्या, २००३ मध्ये तराफा उलटून १८ माणसं गेली. २०२१ मध्ये पूल सुरू झाला, ९२३ मीटर लांब, आणि तो पूल सरळ नाही, वाकडा आहे, कारण सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीतून गेला असता.

मग धबधबा. मोसी-ओआ-तुन्या हे तिथलं नाव, व्हिक्टोरिया हे १८५५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्या स्कॉटिश मिशनरी प्रवाशानं दिलेलं. १,७०८ मीटर रुंद, १०८ मीटर खोल. फोटो सगळ्यांनी बघितलेत त्यामुळे वर्णन करत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. एक, इथला खडक बेसॉल्ट आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा पण त्याहून बराच जुना, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला आडव्या भेगा आहेत, नदी एक भेग कोरते, धबधबा तिथे येतो, मग हजारो वर्षांनी मागची भेग कोरते आणि धबधबा मागे सरकतो. खालच्या नागमोडी घळी दिसतात ना त्या सगळ्या एकेकाळच्या धबधब्याच्या जागा आहेत, आणि पश्चिम टोकाला पुढची भेग कोरायचं काम चालू झालेलंय. दुसरी गोष्ट, एप्रिलमध्ये इथे इतकं पाणी असतं की तुषारांमुळे समोरचा कडाही धड दिसत नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा खडक. दरवर्षी सोशल मीडियावर कोरड्या कड्याचे फोटो फिरतात की धबधबा आटला, तर त्यातले पुष्कळसे ह्याच महिन्यांचे असतात, ती नदीची नेहमीची लय आहे. दुष्काळ ओळखायचा तर एप्रिलचं पाणी बघायचं, नोव्हेंबरचं नाही.

इथपर्यंत पूर स्वतःच्या मर्जीनं आलेला असतो. इथून पुढे त्याची मर्जी संपते.

करीबा धरण १९५५ ते १९५९ दरम्यान बांधलं. तेव्हा आजचे झांबिया, झिंबाब्वे आणि मलावी हे ब्रिटिशांनी एका फेडरेशनमध्ये बांधलेले होते आणि वीज हवी होती मुख्यतः झांबियातल्या तांब्याच्या खाणींना आणि झिंबाब्वेतल्या कारखान्यांना. १२८ मीटर उंचीची, कमानीसारखी वाकलेली काँक्रीटची भिंत. काम चालू असताना १९५७ मध्ये मोठा पूर आला आणि १९५८ मध्ये त्याहूनही मोठा, तात्पुरते बांध बुडाले, पूल वाहून गेले. बांधकामात ८६ कामगार गेले. तिथल्या टोंगा लोकांची श्रद्धा अशी की न्यामी न्यामी हा नदीचा देव, सापाचं शरीर आणि माशाचं डोकं असलेला, भिंतीनं त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट झाली म्हणून तो कोपला.

टोंगांना कोपायचं पुरेसं कारण होतंच. सुमारे ५७,००० लोकांना उठवलं. हे लोक नदीच्या काठावर वर्षातून दोनदा पीक काढायचे, एक पावसावर आणि एक पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या ओल्या गाळात, म्हणजे वरच्या लोझींसारखंच त्यांचं पोट पुरावर होतं. त्यांना नेऊन टाकलं वरच्या कोरड्या, निकस जमिनीवर. १९५८ मध्ये चिसोमो गावानं हलायला नकार दिला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला, ८ जण मारले गेले. त्याच सुमारास तलाव भरायला लागला तेव्हा बेटांवर अडकलेले प्राणी वाचवायची मोठी मोहीम निघाली, ऑपरेशन नोआ, ६,००० च्या वर प्राणी सोडवले आणि त्याची बातमी जगभर गाजली. प्राणी वाचवले हे चांगलंच झालं. पण त्याच पाण्याखाली ज्यांची घरं, शेतं आणि पूर्वजांच्या कबरी गेल्या त्या माणसांची बातमी तेवढी गाजली नाही याचा मला राग येतो, आणि त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारांमधली वीज त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात पुढची कित्येक दशकं आली नाही याचा जास्त. एलिझाबेथ कोल्सन आणि थायर स्कडर ह्या दोन मानववंश अभ्यासकांनी १९५६ पासून टोंगा गावांचा पाठपुरावा केला, विस्थापनानंतर एका समाजाचं पिढ्यांनंतर काय होतं याचा इतका लांब अभ्यास क्वचितच झालाय. ह्याच स्कडरना १९८० च्या दशकात वर्ल्ड बँकेनं नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं पुनर्वसन बघायला पाठवलं होतं, म्हणजे करीबाचा धडा नंदुरबारच्या डोंगरातल्या गावांपर्यंत कागदावर तरी पोचलेला होता.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. करीबा तलावाची क्षमता सुमारे १८० घन किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर ६,३०० टीएमसीच्या वर, आणि कोयना १०५ टीएमसीची, म्हणजे साठ कोयना. मग वीज का जाते? कारण यातलं सगळं पाणी टर्बाइनपर्यंत पोचत नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी आत घेणारी तोंडं भिंतीत वर आहेत, पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ४७५.५ मीटरच्या खाली गेली की निर्मिती बंद करावी लागते, आणि तलाव पूर्ण भरला तर ४८८.५ मीटर. म्हणजे वापरायला मिळतो तो फक्त वरचा १३ मीटरचा थर. क्षमतेच्या हिशोबात तो एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी मृत साठा. बातमीत ‘करीबात १० टक्केच पाणी’ असं येतं तेव्हा ते ह्या वरच्या थराचे १० टक्के असतात, डोळ्यांना तलाव अथांगच दिसतो. त्यात तलाव ५,००० चौरस किलोमीटरहून मोठा, वर कडक ऊन, बाष्पीभवनात प्रचंड पाणी उडून जातं.

ह्या थरातलं पाणी दोन देशांत वाटायचं काम झांबेझी रिव्हर ऑथॉरिटी करते, दोघांचीही समान मालकी. दरवर्षी अंदाज बांधून दोन्ही बाजूंच्या वीजकेंद्रांना कोटा देतात. झिंबाब्वेच्या काठावरच्या केंद्राची क्षमता १,०५० मेगावॅट, झांबियाच्या बाजूची १,०८०. पण झिंबाब्वेचं कोळशावरचं ह्वांगे केंद्र जुनं, सारखं बंद पडणारं, त्यामुळे भार करीबावर येतो. २०२२ च्या शेवटी वापरण्याजोगा साठा ५ टक्क्यांच्याही खाली गेला, झिंबाब्वेचा कोटा संपला होता आणि ऑथॉरिटीनं त्यांना निर्मिती थांबवायला सांगितलं. त्यानंतरचा पावसाळा बरा गेला पण २०२३-२४ मध्ये एल निनोमुळे पाऊस दगा देऊन गेला, झांबियानं २९ फेब्रुवारी २०२४ ला दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. झांबियाच्या विजेत ८० टक्क्यांहून जास्त वाटा जलविद्युतचा, आणि तीही बरीचशी ह्याच एका खोऱ्यातली. म्हणजे पाऊस गेला की शेतातलं मक्याचं पीक आणि घरातली वीज दोन्ही एकाच वेळी जातात, एकाची झळ दुसऱ्यानं भरून काढायची सोयच नाही. लुसाकातला अंधार इथून आला.

करीबाच्या दोन गोष्टी अजून सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिली, मोठ्या तलावाच्या वजनानं आणि खाली झिरपलेल्या पाण्यानं भूकंप होऊ शकतात हे जगाला दाखवणाऱ्या सुरुवातीच्या धरणांमध्ये करीबा आहे, १९६३ मध्ये तिथे सुमारे ६ तीव्रतेचा धक्का बसला. चार वर्षांनी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरला जे झालं ते आपल्याला माहीतच आहे, आणि भूकंपशास्त्रात ही दोन नावं आजही शेजारी शेजारी घेतात. दुसरी, धरणाचे सहा दरवाजे भिंतीत वरच्या बाजूला आहेत, त्यांतून सुरुवातीची वीस वर्षं पूर सोडला गेला आणि त्या धारेनं खालचा खडक खणत खणत ८० मीटरहून खोल खड्डा पाडला, जो मागे मागे भिंतीच्या पायाकडे सरकण्याची भीती होती. त्यामुळे २०१७ पासून युरोपियन युनियन, वर्ल्ड बँक, आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक आणि स्वीडनच्या पैशातून तो खड्डा नव्या आकारात घडवायचं काम हाती घेतलं. काँक्रीटही आतल्या रासायनिक क्रियेमुळे फुगलंय आणि दरवाज्यांच्या चौकटी त्यामुळे वाकड्या होतात. करीबा फुटलं तर खालचं काहोरा बासाही टिकणार नाही, त्यामुळे ही डागडुजी लांबणीवर टाकण्यासारखी नव्हतीच.

राजकारणही बघा. १९६५ मध्ये दक्षिण काठावर, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, उत्तर काठावर नुकताच स्वतंत्र झालेला झांबिया, आणि वीजकेंद्र होतं फक्त दक्षिण काठावर. म्हणजे झांबियाच्या तांब्याच्या खाणींचा स्विच शत्रूच्या हातात. त्यामुळे झांबियानं काफुए ह्या उपनदीवर स्वतःचं केंद्र उभारलं आणि १९७० च्या दशकात करीबाच्या उत्तर काठावरही. मधल्या काळात बॉर्डर बंद, युद्ध चालू, तरी धरण चालवणारी दोघांची सामायिक संस्था काम करत राहिली. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

तलावात एक नवं जगही तयार झालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी टांगानिका सरोवरातून कापेंटा नावाचा बोटभर मासा आणून सोडला. रात्री चांदणं नसलं की तराफ्यांवर दिवे लावतात, उजेडाकडे कापेंटा गोळा होतो, खाली सोडलेलं गोल जाळं वर ओढलं की चांदीसारखा ढीग, मग मीठ लावून जाळीच्या मांडवांवर उन्हात सुकवायचा. आज दोन्ही देशांत गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रोटीन म्हणजे हाच. आणि हा मासा एवढासा, की करीबाच्या टर्बाइनमधून निसटून खाली गेला आणि पुढच्या काहोरा बासा तलावातही स्थायिक झाला.

करीबाच्या खाली काफुए आणि लुआंग्वा ह्या झांबियातल्या मोठ्या उपनद्या मिळतात, झिंबाब्वेच्या काठावर माना पूल्सचं जंगल आहे, आणि मग मोझांबिक.

मोझांबिकमधलं काहोरा बासा पोर्तुगीजांनी १९६९ ते १९७४ मध्ये बांधलं, १७१ मीटर उंच, २,०७५ मेगावॅट. वीज कोणासाठी? दक्षिण आफ्रिकेसाठी, तब्बल १,४०० किलोमीटरच्या लाईनवरून. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमोचा म्हणूनच ह्या धरणाला विरोध होता. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला पण धरण पोर्तुगालच्याच ताब्यात राहिलं, पुढच्या यादवी युद्धात विजेचे मनोरे पाडले गेले आणि वर्षानुवर्षं एवढा मोठा प्रकल्प जवळपास रिकामा बसला. बहुसंख्य मालकी मोझांबिककडे आली ती थेट २००७ मध्ये. स्वतःच्या नदीवरचं धरण स्वतःचं व्हायला ३२ वर्षं.

हे धरण ज्या घळीत आहे तिनं शंभर वर्षं आधी लिव्हिंगस्टनचंही स्वप्न मोडलं होतं. झांबेझी हा आफ्रिकेच्या पोटात जाणारा जलमार्ग आहे असं त्यानं ब्रिटनमध्ये छातीठोक सांगितलं, पण आधीच्या प्रवासात तो इथून आडवाटेनं पायी गेल्यामुळे काहोरा बासाचे खळाळ त्यानं बघितलेच नव्हते. १८५८ मध्ये सरकारी पैशानं वाफेची बोट घेऊन आला आणि इथे अडकला. मग वळला शिरे नदीकडे, म्हणजे मलावी सरोवरातून निघून झांबेझीला मिळणारी उपनदी. तिथे गुलामांचे तांडे चालले होते, १८६१ मध्ये त्याच्या लोकांनी एक तांडा सोडवला, त्यात चुमा नावाचा मुलगा होता. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन छोट्याशा बोटीतून समुद्र ओलांडून मुंबईला आला तेव्हा चुमा बरोबर होता, आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत तो शिकला. पुढच्या मोहिमेला नाशिकजवळच्या मिशन शाळेतली, गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलंही गेली. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत चुमा होता. झांबेझीच्या खोऱ्याचा आणि आपला संबंध त्याहून जुना आहे, पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, झांबेझीकाठच्या मोठमोठ्या जमीनदाऱ्यांमध्ये गोवेकर होते, आणि एकोणिसाव्या शतकात मानुएल आंतोनियु द सौझा ह्या गोव्यात जन्मलेल्या माणसानं तिथे स्वतःची फौज बाळगून मोठा मुलूख ताब्यात ठेवला होता. ह्यात अभिमान वाटण्यासारखं फारसं नाही, ती सत्ता गुलामीवर उभी होती, पण तो आपल्याही इतिहासाचा तुकडा आहे.

काहोरा बासाच्या खाली नदी सपाट होते, रुंद होते, शिरे येऊन मिळते आणि मग त्रिभुज प्रदेश. पूर्वी दरवर्षी इथे पूर पसरायचा, गाळ टाकायचा, गोडं पाणी समुद्रापर्यंत ढकलायचा. मोझांबिकच्या किनाऱ्यावर मिळणारी कोळंबी ही देशाची महत्त्वाची निर्यात, आणि तिची पिल्लं खाडीच्या खारफुटीत वाढतात, त्यांना पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याचा लोंढा लागतो. दोन धरणं आल्यावर तो लोंढा बारा महिन्यांत सारखा वाटला गेला, कारण टर्बाइनला रोज तेवढंच पाणी हवं असतं. कोरड्या दिवसांत पाणी जास्त, पुराच्या दिवसांत कमी. गाळ तलावांच्या तळाशी अडकला. पूरमैदानं सुकली, तिथे झुडपं माजली, पात्र खोल आणि अरुंद व्हायला लागलं.

आणि एक धोका असा की लहान पूर थांबले पण मोठे थांबले नाहीत. दरवर्षी पाणी येत नाही म्हटल्यावर लोक नदीच्या अजून जवळ येऊन राहिले, शेतं पात्राला भिडली, आणि २००१ सारख्या वर्षी तलाव भरलेले असताना वरून पाऊस आला की दरवाजे उघडावेच लागतात. वर लोझींना पूर येणार हे माहीत असतं म्हणून ते सोहळ्यानं हलतात, इथे पुराची सवयच मोडलेली असते.

अभ्यासक बरीच वर्षं सांगतायत की काहोरा बासामधून ठरावीक काळात मुद्दाम मोठा विसर्ग सोडावा, शिरेचं पाणी चढलेलं असतं तेव्हाच, म्हणजे कमी पाण्यात जास्त पसारा मिळेल आणि विजेचंही नुकसान मर्यादित राहील. मला ही मागणी एकदम रास्त वाटते. पण त्यासाठी वरच्या देशांनी किती पाणी कधी सोडलं याची माहिती खाली वेळेवर पोचायला हवी, आणि ८ देशांचा एक आयोग, झामकॉम, त्याच कामासाठी आहे, करार २००४ चा, अमलात आला २०११ मध्ये. कमिशन सल्ला देतं, माहिती गोळा करतं, पण करीबाचा दरवाजा उघडायचा निर्णय दोनच देश घेतात आणि काहोरा बासाचा एकच.

दरम्यान धबधब्याच्या खाली बाटोका घळीत झांबिया आणि झिंबाब्वेला मिळून २,४०० मेगावॅटचं तिसरं मोठं धरण हवंय, योजना कित्येक दशकं जुनी, अजून बांधकाम नाही. माझं मत विचाराल तर त्याच नदीवर, त्याच पावसावर अजून एक धरण बांधून २०२४ सारख्या वर्षी फारसा फरक पडणार नाही, वरून पाणीच आलं नाही तर तीन धरणं एकदम रिकामी राहतील. झांबियानं २०२५ मध्ये चिसांबा इथे १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू केला, तो भाग मला जास्त पटतो, कारण दिवसा उन्हावर वीज काढली तर करीबातलं पाणी संध्याकाळसाठी राखता येतं, आणि मग मोझांबिकच्या कोळंबीसाठी एप्रिलमध्ये थोडं पाणी सोडा असं म्हणायला निदान जागा तरी राहते.